इंग्लंडमधल्या पोराला पार्किंगच्या दाव्याचा कागद आला, आता काय करायचं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

वाडीहून बोलतोय. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. अमरावती रोड जवळच आहे आणि आपल्याकडे ट्रान्सपोर्टवाल्यांची वर्दळ रात्रीसुद्धा थांबत नाही.

आजचा विषय एका काकूंच्या फोनमुळे घेतलाय. काकू वाडीच्याच. मुलगा शिकायला इंग्लंडला गेला, लेस्टरला, आणि आता तिथेच नोकरी करतो. मागच्या रविवारी काकूंचा फोन आला. आवाज रडवेला. म्हणाल्या, "भाऊ, पोरावर केस झाली म्हणते तिकडे. गाडी उभी केली म्हणून. काहून असं? जेल तर नाही होणार ना?"

मी म्हटलं, "काकू, आधी पाणी प्या. जेल वगैरे काही नाही. पण तो कागद मला पाठवा. आणि त्याला सांगा, आज रात्रीच मला फोन कर."

"आज रात्रीच" का म्हणालो, तेच या भागाचं सार आहे. खाजगी पार्किंगच्या दाव्यात माणसं बहुतेक वेळा बाजू कमजोर असते म्हणून हरत नाहीत. उत्तर दिलं नाही म्हणून हरतात. कागद ड्रॉवरमध्ये पडून राहतो, मुदत संपते, आणि न्यायाधीशासमोर कोणी उभंच राहत नाही. तर आज ते सगळं टप्प्याटप्प्याने बघू. जी मुलं तिकडे आहेत त्यांना आणि ज्यांचे आईवडील इथे काळजी करत बसलेत त्यांनाही उपयोग होईल.

झालं काय होतं

आधी गोष्ट ऐका. पोराने जुनी गाडी घेतली होती. एके दिवशी गावातल्या एका खाजगी पार्किंगमध्ये लावली. मशीनवर गाडीचा नंबर टाकला, कार्डाने ३ पौंड भरले, काम करून परत आला. संपलं.

नवव्या-दहाव्या दिवशी पत्र आलं: तुम्ही पैसे न भरता गाडी उभी केली, १०० पौंड द्या, १४ दिवसांत दिले तर ६०. याला वाटलं, मी तर पैसे भरलेत, हे कोणीतरी फसवतंय. पत्र बाजूला ठेवलं. मग वसुलीवाल्यांची पत्रं आली, १७० पौंडांची. तीही बाजूला. मग त्याने घर बदललं. आणि आता जुन्या घरातल्या मित्राने व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो टाकला. वर लिहिलेलं, क्लेम फॉर्म, काउंटी कोर्ट. मूळ १००, वर ७०, कोर्ट फी ३५, वकिलाचा ठरलेला खर्च ५०. एकूण २५५ पौंड, शिवाय व्याज. आपल्या पैशात तीस हजारांच्या आसपास.

घोळ कुठे झाला ते नंतर कळलं. गाडीच्या नंबरात शून्य होतं, याने मशीनवर इंग्रजी "ओ" टाकला. कॅमेऱ्याने नंबर वाचला शून्यासकट, पैशांची नोंद झाली "ओ"सकट. संगणकाने दोन्ही जुळवून पाहिलं आणि ठरवलं की या गाडीने पैसे भरलेच नाहीत.

तिकडे पार्किंगवाले कोर्टात का जातात

आपल्याकडे कसं असतं? सीताबर्डीला गाडी लावली की पोरगा पावती फाडतो, तुम्ही पैसे देता, विषय संपतो. जास्त मागितले तर तिथल्या तिथे भांडण. घरी पत्र कोणी पाठवत नाही.

तिकडे माणूसच नसतो. फाटक नसतं. आत जाताना आणि बाहेर येताना कॅमेरा नंबर टिपतो. मग कंपनी डीव्हीएलए, म्हणजे त्यांचं आरटीओ समजा, त्यांच्याकडून गाडी कोणाच्या नावावर आहे ते विचारते. एका नोंदीमागे अडीच पौंड भरते. अलीकडच्या वर्षांत अशा चौकशा वर्षाला एक कोटीच्या वर गेल्यात. म्हणजे पोरगा एकटा नाही, हे काकूंना मी पहिल्यांदा सांगितलं.

पूर्वी तिकडे गाडीच्या चाकाला लोखंडी जबडा लावायचे. पैसे द्या, मग काढू. १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेवर तसं करायला बंदी आली. कायद्याचं नाव प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट, २०१२. पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना एक हत्यार दिलं: चालक कोण ते माहीत नसेल, तर ठरावीक अटी पाळून गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून पैसे मागता येतात. जबडा गेला आणि पाकीट आलं. पत्र, दुसरं पत्र, वसुलीचं पत्र, आणि शेवटी कोर्ट.

आधी कागद ओळखा

इथे फार लोक चुकतात. तिकडे "पीसीएन" नावाचे दोन वेगळे कागद आहेत. एक पेनल्टी चार्ज नोटीस, ती नगरपालिकेची, म्हणजे कौन्सिलची. दुसरी पार्किंग चार्ज नोटीस, ती खाजगी कंपनीची. आद्याक्षरं तीच, पण अर्थ पूर्ण वेगळा. कौन्सिलचा दंड सरकारी आहे, त्याची अपिलाची वाट वेगळी. आज आपण फक्त खाजगी कंपनीबद्दल बोलतोय. तिचा कागद म्हणजे दंड नाही, तो कराराचा दावा आहे. कंपनी म्हणते, तुम्ही बोर्ड वाचून गाडी लावली, म्हणजे अटी मान्य केल्या, अट मोडली, आता ठरलेली रक्कम द्या.

म्हणून जेलचा प्रश्न येत नाही. पोलीस यात नाहीत. हा दिवाणी मामला आहे.

वसुली कंपनीची पत्रंही ओळखा. लाल अक्षरं, मोठे शब्द, पण त्यांना घरात शिरायचा काही अधिकार नाही. बेलिफ येतो तो कोर्टाचा निकाल लागल्यावर आणि तरीही पैसे न दिल्यावर. आणि मोबाइलवर "पार्किंगचे पैसे भरा" म्हणून लिंक आली तर दाबू नका, त्यात फसवणूकच फार.

दोन कागद मात्र कधीही बाजूला ठेवायचे नाहीत. पहिला, लेटर बिफोर क्लेम, म्हणजे दाव्याआधीची नोटीस. त्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. दुसरा, खुद्द क्लेम फॉर्म. नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरमधून तो पोस्टाने येतो.

तारखा: इथे सगळा खेळ आहे

पोराचा फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, "वर उजवीकडे इश्यू डेट काय आहे?"

म्हणाला, "एक तारीख, दादा."

"आणि आज?"

"तेरा."

आता हिशेब बघा. कागद निघाल्यापासून पाचव्या दिवशी तुम्हाला मिळाला असं धरतात. हातात केव्हा पडला ते विचारत नाहीत. म्हणजे १ तारखेचा कागद ६ तारखेला मिळाला. तिथून १४ दिवसांत, म्हणजे २० तारखेपर्यंत, काहीतरी उत्तर जायलाच हवं. ते उत्तर दोन प्रकारचं असतं. एक तर पूर्ण कैफियत द्या. नाहीतर "अक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस" द्या, म्हणजे कागद मिळाला आणि मी दावा लढणार आहे एवढंच कळवा. हे कळवलं की कैफियतीची मुदत १४ वरून २८ दिवसांवर जाते. म्हणजे सप्टेंबरची १ तारीख असेल तर ४ ऑक्टोबर.

हे ऑनलाइन होतं, क्लेम फॉर्मवरच पासवर्ड छापलेला असतो. पैसे लागत नाहीत. दहा मिनिटांचं काम. पोराकडे सात दिवस उरले होते. त्याने त्याच रात्री ते केलं. एक सूचना: त्यावेळी कैफियतीच्या चौकटीत एक शब्दही लिहू नका. काही लिहिलं तर तीच तुमची कैफियत धरली जाऊ शकते.

आणि २० तारीख चुकली असती तर? कंपनीने अर्ज केला असता आणि कोणी न ऐकता निकाल लागला असता. त्याला तिकडे डिफॉल्ट जजमेंट म्हणतात, आपल्याकडे एकतर्फी हुकूमनामा. नावावर सीसीजे लागतो, म्हणजे काउंटी कोर्ट जजमेंट. महिन्याच्या आत पूर्ण पैसे भरले तर नोंद पुसली जाते. नाहीतर ६ वर्षं राहते. घर भाड्याने घ्यायला गेलं, मोबाइलचा करार करायला गेलं, कर्ज मागितलं, की ती नोंद समोर येते. २५५ पौंडांपेक्षा ही गोष्ट महाग पडते.

पत्त्याचं पण ऐका. आपली मुलं तिकडे वर्षा-दीड वर्षात घरं बदलतात. "मला कागद मिळालाच नाही" हे तिथे सहज चालत नाही, कारण शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलेला कागद पोहोचला असं धरता येतं. म्हणून घर बदललं की गाडीच्या नोंदीतला पत्ता लगेच बदला. न बदलल्यास त्यावर १,००० पौंडांपर्यंत वेगळा दंड होऊ शकतो. पत्र आलेल्या पार्किंग कंपनीलाही नवा पत्ता कळवा. शत्रूला पत्ता द्यायचा म्हणजे विचित्र वाटतं, पण त्यात तुमचंच रक्षण आहे.

एकतर्फी निकाल लागलाच असेल तर तो रद्द करायचा अर्ज करता येतो, एन २४४ नावाचा. पण फी तीनशे पौंडांच्या घरात जाते, लढायला खरी बाजू आहे हे दाखवावं लागतं, आणि कळल्याबरोबर धावावं लागतं. मूळ दाव्यापेक्षा अर्ज महाग, असा हिशेब होतो. उत्पन्न कमी असेल तर फीमध्ये सवलत मागता येते.

आपल्याकडची तुलना करतो, म्हणजे आईवडिलांना पटकन कळेल. नागपूरच्या दिवाणी कोर्टातून समन्स आलं तर लेखी कैफियतीला ३० दिवस असतात, न्यायाधीशांनी कारण मान्य केलं तर साधारण ९० पर्यंत. दाव्यातली जी गोष्ट तुम्ही स्पष्ट नाकारली नाही ती कबूल धरली जाऊ शकते. हजर राहिलं नाही तर दावा एकतर्फी चालतो. म्हणजे तत्त्व तेच. कोर्ट नागपूरचं असो की लेस्टरचं, गप्प बसणाऱ्याच्या वतीने कोणी बोलत नाही.

कैफियतीत काय लिहायचं

इंटरनेटवर तयार कैफियती मिळतात. पानंच्या पानं. पोरानेही एक काढून ठेवली होती. मी विचारलं, "यातलं तुझ्या बाबतीत खरं काय आहे?" गप्प झाला. कैफियतीखाली सत्यतेचं विधान असतं आणि तुमची सही असते. खोटं आहे हे माहीत असून सही केली तर तो कोर्टाचा अवमान ठरू शकतो. अडीचशे पौंडांच्या साध्या मामल्याला उगाच मोठं करू नका.

तर साधारण कोणते मुद्दे असतात, आणि त्यातला आपला कोणता, हे तपासायचं.

पहिला मुद्दा, चालक कोण. गाडी नावावर आहे पण चालवत दुसरं कोणी होतं, असं असेल तर चौथं परिशिष्ट बघा. कॅमेऱ्यावरून पाठवलेली नोटीस पार्किंगनंतर १४ दिवसांच्या आत पोहोचायला हवी. उशिरा आली तर नावावर गाडी आहे एवढ्यावरून पैसे मागता येत नाहीत. खाजगी कंपनीला चालकाचं नाव सांगायची सक्तीही नाही. पण नाव न सांगणं वेगळं आणि "मी नव्हतोच" असं खोटं सांगणं वेगळं. आपल्या पोराला हा मुद्दा नव्हताच. नोटीस दहा दिवसांत आली होती, आणि गाडी तोच चालवत होता. हे परिशिष्ट फक्त इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे, स्कॉटलंडला लागू नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरा मुद्दा, बोर्ड. अटी मोठ्या अक्षरात होत्या का, रात्री दिसत होत्या का, आत शिरताना होत्या का. इथे एक निकाल माहीत असायला हवा: पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस. चेम्सफर्ड गावातलं पार्किंग, दोन तास फुकट, बीव्हिस यांची गाडी ५६ मिनिटं जास्त राहिली, ८५ पौंड मागितले. ते सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि ४ नोव्हेंबर २०१५ ला हरले. कोर्ट म्हणालं, रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असली तरी पार्किंग शिस्तीत चालवण्यात कंपनीचं रास्त हित आहे आणि ८५ पौंड त्या मानाने अवाजवी नाहीत. म्हणजे "तुमचं नुकसान काय झालं ते दाखवा" हे एकटं तिकडे चालत नाही. मात्र त्याच निकालात हेही आहे की तिथले बोर्ड ठळक आणि भरपूर होते. तुमच्या पार्किंगमध्ये एकच बोर्ड झाडामागे असेल तर गोष्ट बदलते. जाऊन फोटो काढा.

इथे आपला कायदा वेगळा आहे, गंमत म्हणून सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४. करार मोडला तर लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, आणि मिळते ती वाजवी भरपाई. त्यामुळे इथल्या वकील मामांचा सल्ला तिकडच्या दाव्यात जसाच्या तसा लावू नका.

तिसरा मुद्दा, वरचे ७० पौंड. वसुलीचा खर्च म्हणून लावतात. गाडीमालक म्हणून तुमच्यावर दावा असेल तर परिशिष्टानुसार नोटिशीत लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही. चालक म्हणून असेल तर न्यायाधीशांमध्येही मतभेद दिसतात. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारने हा जादा आकार बंद करणारी नियमावली आणली होती, कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये ती मागे घेतली गेली. तरी मुद्दा नोंदवायचाच.

चौथा, दाव्यात नेमकं लिहिलंय का. कोणती अट मोडली, केव्हा, कशी? नुसतं "अटींचा भंग केला" एवढंच असेल तर आक्षेप घ्या. २०२३ मध्ये ल्यूटनच्या काउंटी कोर्टात अपिलात एका कंपनीचा दावा याच कारणाने फेटाळला गेला. सगळ्या न्यायाधीशांवर तो बंधनकारक नाही, पण दाखवता येतो.

पाचवा, आणि आपल्या पोराचा खरा मुद्दा: पैसे भरले होते. पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटनांची एकत्र नियमावली १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. नंबर टाकताना शून्याऐवजी "ओ" अशी किरकोळ चूक झाली आणि पैसे भरलेले असतील, तर पहिल्याच अपिलात नोटीस रद्द करावी, असं त्या संघटनांचं धोरण आहे. याने तेव्हा अपील केलं असतं तर एका ईमेलमध्ये विषय संपला असता. हे मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, "दादा, मला वाटलं मी बरोबर आहे, तर उत्तर कशाला द्यायचं?" मंडळी, बरोबर असणाऱ्यानेच आधी उत्तर द्यायचं असतं.

पुरावा कुठून आणायचा

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्याला ते ३ पौंड सापडले. तारखेसकट. एवढ्याने अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं कंपनीकडेच असतं. तिकडच्या डेटा संरक्षण कायद्यानुसार तुमच्याबद्दल कंपनीकडे जी माहिती आहे ती सगळी मागता येते, फुकट, आणि साधारण महिन्याभरात त्यांना द्यावी लागते. त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. कॅमेऱ्याचे फोटो, पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, आणि खास म्हणजे त्या दिवसाची मशीनवरची पैशांची नोंद मागा. "ओ" टाकलेला तो नंबर त्यांच्याच यादीत असणार.

मग कैफियत आम्ही दोघांनी फोनवर बसून तयार केली. चार परिच्छेद. मराठीत सांगायचं तर अशी:

"एक, गाडी माझ्या नावावर आहे आणि त्या दिवशी मीच चालवत होतो, हे मान्य. दोन, पैसे भरले नाहीत हे अमान्य. मी कार्डाने ३ पौंड भरले, बँकेचा पुरावा आहे. तीन, मशीनने शून्याऐवजी 'ओ' असलेला नंबर स्वीकारला. वादीला पैसे मिळाले आहेत आणि वादीच्या संघटनेच्या नियमावलीनुसार ही किरकोळ चूक आहे. अटींचा भंग झाला हे अमान्य. चार, वरचे ७० पौंड देय असल्याचं अमान्य. त्याचा आधार वादीने दाखवावा."

बस. मान्य ते मान्य, अमान्य ते अमान्य, आणि जे आपल्याला माहीत नाही ते "वादीने सिद्ध करावं". प्रत्येक ओळीला उत्तर. रागाचे शब्द नाहीत, कंपनीला शिव्या नाहीत. कैफियत पाठवली आणि पोच जपून ठेवली.

काकूंनी मध्येच विचारलं, "भाऊ, हा वादी म्हणजे आपल्या वाडीचा का?" म्हटलं, "नाही काकू, वादी तो कंपनीवाला. वाडीवाला आपला, तो प्रतिवादी." पहिल्यांदा हसल्या त्या दिवशी.

पुढे काय होतं

कैफियतीनंतर एक प्रश्नावली येते, एन १८० नावाची. तीही मुदतीत भरायची. सुनावणीसाठी आपल्या घराजवळचं कोर्ट मागायचं, माणसावर दावा असेल तर ते मिळतं.

मग मध्यस्थी. मे २०२४ पासून अशा छोट्या पैशांच्या दाव्यांत फोनवर तासाभराची मध्यस्थी ठेवतात. फुकट असते. फोन उचलणं भाग आहे, टाळलं तर कोर्ट त्याची दखल घेऊ शकतं. पण तडजोड करणं सक्तीचं नाही. "मी पैसे भरलेत, हा पुरावा, मला काही देणं लागत नाही" असं शांतपणे सांगून फोन ठेवला तरी चालतं. आपली बाजू खरोखर लंगडी असेल तर मात्र तडजोडीची हीच चांगली जागा.

त्यानंतर सुनावणीची तारीख आणि कागद केव्हा द्यायचे त्याचा आदेश येतो. सुनावणीसाठी कंपनीला वेगळी फी भरावी लागते. कैफियत आली की काही कंपन्या या टप्प्यावर दावा सोडून देतात. पण त्या आशेवर राहू नका, आदेशातल्या प्रत्येक तारखेला हजर असा. साक्षीचं लेखी निवेदन आणि पुरावे सांगितलेल्या दिवसाआधी दोघांना पाठवा, कोर्टालाही आणि कंपनीलाही.

सुनावणी म्हणजे सिनेमातल्यासारखं काही नसतं. बहुतेकदा एक लहान खोली, एक टेबल. डिस्ट्रिक्ट जजला नुसतं "जज" म्हणायचं. तासाभरात संपतं. वकील लागतोच असं नाही, कारण छोट्या दाव्यांत जिंकलात तरी वकिलाची फी समोरच्याकडून सहसा मिळत नाही. त्याच नियमामुळे हरलात तरी कंपनीच्या वकिलाचं मोठं बिल तुमच्यावर पडत नाही. साधारण दाव्याची रक्कम, व्याज, कोर्टाची फी आणि ठरलेला खर्च, एवढंच. कामावर सुट्टी घेतली असेल तर जिंकल्यावर दिवसाला ९५ पौंडांपर्यंत बुडालेला पगार मागता येतो. वागणं अवाजवी असेल तर खर्चाचा नियम बदलू शकतो, म्हणून खोटेपणा आणि टाळाटाळ दोन्ही नको.

मदत हवी असेल तर तिकडे सिटिझन्स ॲडव्हाइस आहे, फुकट सल्ला देतात. मुलं शिकत असतील तर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेतही बहुधा सल्ला मिळतो. मी वकील नाही, हेही सांगून ठेवतो.

आणि हरलात तर? महिन्याच्या आत पैसे भरा. नोंद राहत नाही. कोर्टात जाऊन हरणं आणि घरी बसून हरणं यात हाच फरक आहे: कोर्टात हरलात तर निकाल कधी लागला हे तुम्हाला माहीत असतं.

आईवडिलांसाठी शेवटचं

पोराची केस अजून चालू आहे. मध्यस्थीचा फोन यायचाय. काय होईल ते पुढच्या एखाद्या भागात सांगेन, जिंकला तरी आणि हरला तरी.

पण काकूंना मी एक काम दिलंय आणि तेच तुम्हालाही देतो. पुढच्या वेळी मुलाशी बोलताना जेवलास का, थंडी किती आहे, हे विचारून झालं की एवढं विचारा: जुन्या घरी तुझं पोस्ट कोण बघतं? गाडीच्या कागदांवर पत्ता कोणता आहे? आणि न उघडलेलं एखादं पाकीट आहे का?

काकूंनी विचारलं. पोराने बॅगेतून आणखी एक पाकीट काढलं. न उघडलेलं. सुदैवाने ते गॅसचं बिल निघालं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पाकिटं उघडत राहा.